रंगीत सातबारा

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांना काय काय दाखवायचं, याची यादी ठरलेली आहे. ती कुणी केली कोण जाणे, पण न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत तीच चालते. नायगरा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, कुंपणाबाहेरून व्हाइट हाउस, एक बालाजीचं देऊळ आणि कॉस्टको हे गोदामाएवढं दुकान. यांतलं कॉस्टको मन लावून पाहिलं जातं, बाकीच्या ठिकाणी फोटो निघतात. यादी संपते, परतीचं विमान अजून लांब असतं, आणि सकाळच्या चहाला "मग आज काय?" हा प्रश्न कुणी न विचारताही घरभर ऐकू येऊ लागतो. त्यातून शनिवार-रविवारी गाडीने जाऊन येण्याजोग्या जागांचा शोध सुरू होतो.

आमची लेक आणि जावई उत्तर व्हर्जिनियात राहतात. तिथून दोन-अडीच तासांवर शार्लट्सव्हिल नावाचं विद्यापीठाचं गाव आहे आणि गावाजवळच्या टेकडीवर थॉमस जेफरसनचं घर, माँटिचेलो. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे ते घर मला चेहऱ्याने ओळखीचं होतं. अमेरिकेच्या पाच सेंटांच्या नाण्यावर ते १९३८ साली आलं. पाच सेंटांवर छापलेलं घर आतून बघायला दोन आकडी डॉलर मोजावे लागतात. सगळी माणसं समान जन्माला येतात असं लिहिणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले, हेही तिथे स्वच्छ सांगतात. आमची ही म्हणाली, "लिहायचं एक आणि करायचं एक, म्हणजे पुढारीच की." जेफरसनचा निकाल लागला आणि दुपार उरली.

जावयाने फोनवर शोधाशोध केली. "आई, बाबा, इथे जवळच एक छोटंसं म्युझियम आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल लोकांच्या कलेचं. आणि फ्री आहे." शेवटचं वाक्य तो अगदी हळू बोलला होता, पण मागच्या सीटवर तेच सगळ्यांत आधी पोचलं.

तिकीट असलेलं संग्रहालय कसं बघायचं हे आमच्या पिढीला येतं. डॉलरचे रुपये करायचे, त्याला दालनांच्या संख्येने भागायचं आणि दर दालनाला जितके रुपये पडतील त्या मानाने तिथे उभं राहायचं. फुकट संग्रहालयात हा हिशेबच बसत नाही. किती बघितलं म्हणजे पुरे हे कळत नाही, आणि लवकर बाहेर पडलो तर नेमकं कुणाचं बुडालं हेही कळत नाही. त्यात हे संग्रहालय लहान. प्रशस्त घरासारखी इमारत, आत मोजकी दालनं, आणि दालनांत मोजकीच माणसं, म्हणजे बहुतेक आम्हीच.

व्हर्जिनिया विद्यापीठाचं हे क्लुगे-रूहे संग्रहालय. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींच्या कलेला सबंध वाहिलेलं असं दुसरं संग्रहालय अमेरिकेत नाही. नावातले एडवर्ड रूहे कॅन्ससच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत. १९६५ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रेलियाला गेले आणि झाडाच्या सालींवरच्या चित्रांनी झपाटून परत आले. प्राध्यापकाच्या पगारात बसेल तेवढं जमवत राहिले. जॉन क्लुगे टीव्ही केंद्रांच्या धंद्यात मोठे झालेले, फोर्ब्सच्या यादीत एके काळी अमेरिकेतले सर्वांत श्रीमंत गृहस्थ. त्यांनी १९८८ मध्ये न्यू यॉर्कच्या एशिया सोसायटीत ही कला पाहिली आणि तेही झपाटले. झपाटण्याची जात एकच, फरक खात्यातल्या शिलकेचा. रूहे १९८९ मध्ये वारले, १९९३ मध्ये क्लुगे यांनी त्यांचा संग्रह विकत घेतला आणि १९९७ मध्ये आपल्या संग्रहासकट सगळा विद्यापीठाला देऊन टाकला. पाटीवर दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत. माझ्या शाखेत हे दोघे सहअर्जदार म्हणून आले असते, तर मी एकाला काउंटरवर बसवलं असतं आणि दुसऱ्याला चहा मागवला असता.

आत गेल्यावर पहिली अडचण मानेची. वाळवंटातल्या चित्रकारांची चित्रं जमिनीवर अंथरून, भोवती बसून काढलेली असतात. वरून पाहिलेला मुलूख असतो तो. त्यामुळे त्यांना वर-खाली अशी बाजू असतेच असं नाही, ती फक्त भिंतीला असते. मी मान डावीकडे कलवली, जावयाने उजवीकडे. लेकीने फोनच फिरवला. ही सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "मला आहे तसं दिसतंय."

आमच्याबरोबर विद्यापीठातली एक तरुण मुलगी होती, माहिती सांगायला. हिने विचारलं, "हे नालासारखं काय आहे?" मुलगी म्हणाली, माणूस. वाळूत मांडी घालून बसलेला माणूस उठून गेला की जी खूण उरते, ती. शेजारी काठी आणि लाकडी परात काढलेली असेल, तर ती बाई. काठीने कंद उकरायचे, परातीत ठेवायचे. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्कामाची जागा, त्यांना जोडणाऱ्या रेघा म्हणजे वाटा. ही भराभरा मोजायला लागली आणि तिने निकाल दिला की या पाणवठ्यावर बसलेल्यांत एकूणएक काठी-परातवाल्या आहेत. "बसल्या जागीसुद्धा हातात काम दिलंय बघा."

इथवर सगळं छान चाललं होतं. मग मी विचारलं, "हा पाणवठा कुठला? आणि तिथे काय घडलं?" मुलगी म्हणाली, "चित्रकाराने जेवढं सांगायला हरकत नाही म्हटलंय, तेवढं कार्डावर लिहिलेलं आहे." मी कार्ड वाचलं. दोन पूर्वज स्त्रिया या बाजूने आल्या, इथे थांबल्या, पुढे गेल्या. "आणि मग?" मुलगी हसली. पुढचं सांगायचा अधिकार तिला नव्हता, आणि ऐकायचा आम्हांला नव्हता.

मराठी माणसाला न कळलेलं चालतं, पण न सांगितलेलं चालत नाही. गडावर गेलो तर प्रत्येक कोनाड्यात काय ठेवत असत हे सांगणारा कुणीतरी लागतो, आणि तो खोटं सांगत असला तरी चालतं. आगगाडीत समोर बसलेल्याचा मुलगा कुठे आहे, किती मिळवतो आणि अजून लग्न का नाही, हे कर्जत यायच्या आत कळलंच पाहिजे. कार्ल्याच्या लेण्यांपुढे उभं राहून आम्ही 'काही कळत नाही हो, पण भव्य आहे' असं मोकळेपणाने म्हणतो. पण इथे भिंतीवरचं चित्र सरळ तोंडावर म्हणत होतं की, तुम्हांला कळेल, पण मी सांगणार नाही. सासुरवाडीच्या मंडळींखेरीज हा अनुभव मला कुणी दिलेला नव्हता.

आणि यामागे मोठा इतिहास निघाला. मध्य ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पापुन्या नावाची वस्ती आहे. वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना त्यांच्या मुलखातून उठवून सरकारने इथे आणून बसवलेलं. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाचा शिक्षक तिथल्या शाळेत आला. त्याच्या प्रोत्साहनाने वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांच्या पूर्वजकथेचं भलं मोठं चित्र काढलं. मग हे लोक मिळेल त्यावर रंगवू लागले: फळ्या, फरशीचे तुकडे, पत्रे. १९७२ मध्ये चित्रकारांच्या मालकीची पापुन्या तुला ही कंपनीही उभी राहिली. पहिल्या उत्साहात काही फळ्यांवर अशाही खुणा उतरल्या, ज्या दीक्षा झालेल्या पुरुषांनीच बघायच्या असतात. चित्रं गावोगाव जाऊ लागली, आपल्याच लोकांतून हरकती आल्या, आणि चित्रकार सावध झाले. काही खुणा गेल्या, काहींवर ठिपक्यांची दाटी झाली. जगभर ज्या ठिपक्यांचं कौतुक होतं, त्यांतल्या काहींचं काम दाखवण्याचं नसून झाकण्याचं आहे. आणि ज्या भिंतीपासून हे सगळं सुरू झालं, ती १९७४ मध्ये शाळेच्या देखभालीत रंग मारून पुसून टाकली गेली. सरकारी रंगकाम असं सगळ्या खंडांत एकदिलाने चालतं.

आता चित्राचा अर्थ जाऊ दे, असं मी ठरवत होतो. तेवढ्यात आम्ही साल-चित्रांच्या दालनात शिरलो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड आहे. तिथले योलंगू लोक पावसाळ्यात निलगिरीच्या जातीच्या एका झाडाची साल सोलतात, विस्तवावर तापवून सपाट करतात आणि तिच्यावर मातीच्या रंगांनी बारीक, अतिबारीक रेघा ओढतात. कुंचला माणसाच्या केसांचा. शेकडो रेघा एकमेकींना छेदत जातात आणि थोडं बाजूला होऊन पाहिलं की सगळी साल झळाळते. हिच्या तोंडून "अगंबाई" निघालं. कॉस्टकोनंतर हे दुसऱ्यांदा.

मुलगी सांगत होती: ही नक्षी म्हणजे सजावट नाही. प्रत्येक कुळाची नक्षी ठरलेली आहे, ती त्या कुळाच्या जमिनीची आहे आणि ज्याचा हक्क त्यानेच ती काढायची. बारू ही मगर या लोकांची एक पूर्वज, तिच्या अंगाला आग लागली, ती पाण्यात शिरली. म्हणून तिच्या वारसांच्या चित्रांत ज्वाळांचे चौकटीदार आकार येतात. शेजारच्या कुळाने ते काढायचे नाहीत, कारण शेजारच्याची जमीन निराळी. ही एकदम थांबली. तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला ओळखीची होती. राजापूरकडच्या माहेरच्या आंब्याच्या बागेचा विषय निघाला की येते ती.

"अहो, हा सातबारा आहे."

आणि तसाच तो होता. आधी पाहिलेल्या वाळवंटी चित्रांकडे मी पुन्हा जाऊन आलो, तीही तशीच. सात नंबरच्या नमुन्यात जमीन कुणाची ते, बारा नंबरच्या नमुन्यात तिच्यात काय पिकतं ते. एमिली काम उङ्वारे या बाईंनी सत्तरी उलटून गेल्यावर कॅनव्हासवर रंगवायला सुरुवात केली आणि १९९६ मध्ये वारेपर्यंत ढिगाने चित्रं केली. त्यांतली कितीतरी त्यांच्या मुलखातल्या कंदाची, त्याच्या जमिनीखाली पसरलेल्या मुळांची. त्यांच्या नावातलं 'काम' हेही त्याच कंदाच्या बीचं नाव. म्हणजे पीकपाहणीच, तीही पिकाचं नाव धारण करणाऱ्या खातेदाराने स्वतः केलेली. इतर हक्कांचा रकानासुद्धा आहे. वॉर्लपिरी लोकांत वडिलांकडून ज्यांना हक्क येतो ते किर्दा, आणि आईकडून येतो ते कुर्दुंगुर्लू. किर्दाने करायचं आणि ते बरोबर होतंय की नाही यावर कुर्दुंगुर्लूने लक्ष ठेवायचं. हे ऐकून ही जी प्रसन्न झाली! माहेरच्या जमिनीवर लेकीच्या मुलांची कायमची देखरेख, तीही भावांना न विचारता. तिच्या मते यापुढे हिंदू वारसा कायद्याने काही शिकायचं असेल तर इथे यावं.

तलाठी कार्यालयात आणि या दालनात एकच ठळक फरक होता. इथे माहिती सांगणारं माणूस जागेवर होतं.

मग नातेसंबंधांची चौकशी निघाली, ती निघणारच. योलंगूंच्या जगात प्रत्येक गोष्ट धुवा असते नाही तर यिरिचा. माणसं तर झालीच, पण शार्क धुवा, मगर यिरिचा. मधाचेसुद्धा दोन्ही प्रकार. लग्न नेहमी पलीकडच्या बाजूत. हिने लगेच विचारलं, "आणि पळून जाऊन केलं तर?" मुलीने लेकीकडे पाहिलं, लेकीने भाषांतर केलं नाही. त्या ओघात मुलीने आणखी एक रीत सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी समाजांत सासू आणि जावई यांनी एकमेकांसमोर यायचं नाही, थेट बोलायचं नाही, एका जागी बसायचं नाही. वैर म्हणून नव्हे, आदर म्हणून. येताना वाटभर "अहो, जरा हळू" हे ऐकत आलेला आमचा जावई त्या क्षणी त्या संस्कृतीपुढे मनोमन नतमस्तक झाला. त्याने दोनदा खात्री करून घेतली की ही रीत अजून पाळतात.

सातबारा म्हटल्यावर फेरफार आला, आणि फेरफार म्हटल्यावर सरकार. योलंगूंच्या यिर्कला गावाजवळ बॉक्साइट सापडलं आणि त्यांना न विचारता राखीव मुलखातली तीनशे चौरस किलोमीटरहून जास्त जमीन खाणीसाठी वेगळी काढण्यात आली. १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या संसदेला अर्ज पाठवला. त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत टंकलेला कागद, झाडाच्या सालीवर चिकटवलेला, आणि भोवती दोन्ही बाजूंच्या कुळांच्या नक्षीची चौकट. म्हणजे अर्जाला उतारा जोडलेला. सरकारकडून शंका निघाली: सह्या करणारे थोडे आणि तरुण, ते सगळ्यांच्या वतीने बोलतात कशावरून? महिना संपायच्या आत दुसरा अर्ज गेला, त्यावर वडीलधाऱ्यांचे अंगठे.

हे ऐकून मला उचंबळून आलं. चाळीस पानी करार घेऊन आलेला कारखानदार आणि अंगठा उठवणारी आजी, यांत कागद कुणाचा पक्का निघतो हे बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. खाण मात्र झालीच. १९७१ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की या लोकांकडे जमिनीविषयी स्वतःचे नियम आहेत, रीतसर आहेत. पण इंग्रजी कायद्याच्या हिशेबात ती मालकी नाही, असं म्हणून दावा फेटाळला. तिथल्या उत्तर प्रांतापुरता जमीनहक्काचा कायदा व्हायला १९७६ उजाडलं. आपल्याकडच्या तारखांच्या मानाने हे वेगवानच म्हणायचं.

पैशाच्या बाबतीत तर या कलेचा इतिहास बँकवाल्याने वाचूच नये. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने पौंड सोडून डॉलर घेतला. नव्या एक डॉलरच्या नोटेवर मागच्या बाजूला छान दिसणारं साल-चित्र छापलं. एका पूर्वज शिकाऱ्याच्या मृत्यूनंतरच्या विधींचं चित्र ते, डेव्हिड मलांगी यांनी काढलेलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. चित्र कुठल्या तरी अज्ञात, बहुधा वारलेल्या माणसाचं असणार, असं गृहीत धरलेलं. ते जिवंत असून चांगले चित्रं काढताहेत, हे तिथल्या एका शिक्षकाने कळवल्यावर रिझर्व्ह बँकेला कळलं. मग गव्हर्नर साहेबांनी त्यांना हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीच्या साहित्याची पेटी दिली. मी आयुष्यभर शेकडो तडजोडी मिटवल्या, पण थकबाकीपोटी गळ आणि दोरा दिल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे बँकेत पेन्शनर हयात आहे की नाही हे बघायला वर्षाला एक दाखला मागतात. तो एकदाच उपयोगी पडला असता, नेमका तेव्हा मागितला नाही.

दुसरी हकिकत अशीच एका बँकेची. क्लिफर्ड पॉसम चपालचारी यांचं 'वार्लुगुलाँग' हे मोठं चित्र १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका बँकेने बाराशे डॉलरला घेतलं आणि आपल्या प्रशिक्षण केंद्राच्या कॅन्टीनमध्ये लावलं. १९९६ मध्ये ते छत्तीस हजाराला गेलं. २००७ मध्ये तेच चित्र तिथल्या राष्ट्रीय कलादालनाने लिलावात २४ लाख डॉलरला घेतलं. मी तिथेच फोनवर हिशेब मांडला: तीस वर्षं, द.सा.द.शे. जवळजवळ एकोणतीस टक्के, चक्रवाढ. आणि एवढी ठेव बँक कॅन्टीनच्या भिंतीला टांगून, खाली बसून, दुपारचं जेवत होती. आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या कॅन्टीनमध्ये खतकंपनीचं कॅलेंडर असे, त्यामुळे मला सुटल्यासारखं वाटलं. पॉसम २००२ मध्येच वारले होते. चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना पाच टक्के मिळावेत, हा कायदा २०१० मध्ये लागू झाला.

वारस म्हटल्यावर मुलीने आणखी एक सांगितलं. माणूस गेला की तिकडे बराच काळ त्याचं नाव उच्चारत नाहीत. मध्य ऑस्ट्रेलियात तर त्याच नावाच्या जिवंत माणसालाही तोवर दुसऱ्याच नावाने हाक मारतात. म्हणून तिथल्या टीव्ही कार्यक्रमांच्या आधी सूचना असते की, यात दिवंगतांची नावं आणि चित्रं येऊ शकतात. यावर हिने खोल श्वास घेतला. "आमच्याकडे बरोबर उलट. आमच्या राजापूरच्या उताऱ्यावरून गेलेल्याचं नाव निघतच नाही." हे मात्र लेकीने अक्षरशः भाषांतर केलं. मुलीने वहीत टिपून घेतलं. वारस नोंद हा विषय आता व्हर्जिनिया विद्यापीठात पोचलेला आहे.

या संग्रहालयाचं मला आवडलेलं म्हणजे इथे मालक येऊन दप्तर तपासून जातात. जांबावा मराविली हे योलंगूंचे मोठे चित्रकार आणि पुढारी. ते इथे आले, आपल्या वाडवडिलांच्या साली इतक्या लांब सांभाळलेल्या पाहिल्या. मग योलंगूंनीच पुढाकार घेतला आणि यिर्कलाच्या आठ दशकांच्या साल-चित्रांचं 'मदयिन' हे प्रदर्शन उभं राहिलं. २०२२ पासून ते अमेरिकेत फिरलं. कुठलं चित्र कुठल्याशेजारी लावायचं, कशाबद्दल किती बोलायचं, हे उताऱ्यावर ज्यांची नावं त्यांनीच ठरवलं. नाही तर आजवर ते ठरवत होतं ते गिऱ्हाईकच.

बाहेर पडताना दुकान लागतं. संग्रहालय फुकट असलं तरी दुकान तसं नसतं, हा जगाचा नियम इथेही पाळलेला आहे. हिने एक रुमाल उलटून पाहिला, कुठे बनला म्हणून नव्हे तर किंमत बघायला, आणि मागे चित्रकाराचं नाव छापलेलं निघालं. ही साधी वाटणारी गोष्ट साधी नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की, ॲबोरिजिनल धाटणीच्या स्मरणवस्तूंवर लोक जो पैसा खर्च करतात, त्यातला निम्म्याहून जास्त खोट्या मालावर जातो. बूमरँग इंडोनेशियात बनतो, ठिपके कुणीही देतं. बूमरँग फेकला की परत येतो म्हणतात, पैसा तेवढा परत येत नाही.

हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. पापुन्याच्या भिंतीची गोष्ट घडत होती, त्याच सुमाराला डहाणू-तलासरीकडे भास्कर कुलकर्णी वारल्यांच्या पाड्यांवर फिरत होते. लग्नाचा चौक बायकांनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायचा, ही रीत. तो कागदावर आला, आणि जिव्या सोमा मशे यांनी तो जगभर नेला. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. आज वारली चित्रातली तारपा वाजवणारी मंडळी मगांवर, उशांच्या अभ्र्यांवर, सोसायटीच्या कुंपणावर आणि उड्डाणपुलांच्या खांबांवर गोल गोल नाचताहेत. कुणाच्या लग्नाचा चौक, कुणी लिहिला, त्याचं नाव काय, हे त्या खांबाला विचारायची सोय नाही. लेकीच्या दिवाणखान्यात अशाच दोन उशा आहेत. तिने त्या कुठून घेतल्या हे मी विचारलं. "ऑनलाइन," ती म्हणाली, आणि रुमाल किंमत न बघता घेतला.

निघता निघता मुलीने एक शेवटची गोष्ट सांगितली, आणि तिचा परिणाम आमच्या घराला अजून भोगायचा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी आपल्या मुलखावर दावा लावला. लवादापुढे इंग्रजीत जमीन कशी सांगायची? मग १९९७ मध्ये चाळीसहून अधिक चित्रकारांनी मिळून ङुरारा नावाचा कॅनव्हास रंगवला, आठ मीटर बाय दहा मीटर. तो वाळूत अंथरला. एकेक जण चालत गेला, आपल्या मुलखावर उभा राहिला, आणि इथे आमचं पाणी, इथे आमचे पूर्वज, अशी आपल्या भाषेत साक्ष दिली. २००७ मध्ये पंचाहत्तर हजार चौरस किलोमीटरहून जास्त मुलखावर त्यांचा हक्क मान्य झाला. म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ चौथा हिस्सा, एका चित्राच्या साक्षीने.

परतीच्या वाटेवर ही गप्प होती. आमच्याकडे ही गोष्ट काळजीची समजतात. गाडी मोठ्या रस्त्याला लागली तशी ती बोलली. राजापूरच्या सगळ्या सहहिस्सेदारांना मे महिन्यात बोलवायचं. मुंबईचे, बडोद्याचे, ते एक बेळगावकडचे, सगळे. मोठा कॅनव्हास अंथरायचा. प्रत्येकाने यायचं, आपल्या कलमांवर उभं राहायचं आणि आपला हिस्सा कुठला ते सर्वांसमोर सांगायचं. "त्यांचं होतं, तर आपलं का नाही?"

मी म्हणालो, त्यांच्याकडे कोण कुठे उभं राहणार याबद्दल दुमत नव्हतं, ते फक्त सरकारला माहीत नव्हतं. आपल्याकडे सरकारचा प्रश्न नाही. तुझे दोन्ही काका एकाच कलमावर उभे राहतील आणि खाली कोण उतरणार यावर २०४० पर्यंत तारखा पडतील.

"तो प्रश्न नंतरचा," जावई आरशात बघत, हिच्याकडे न बघता, अत्यंत आदराने म्हणाला. "आधी कॅनव्हास कुणाच्या अंगणात अंथरायचा ते ठरवा. पहिला दावा तिथेच लागेल."